तिसऱ्या फेरीचा गुलाल

"यातली संजीवनी कोणती?"

पुण्याच्या प्रगती मॅडमनी फोनवर हे विचारलं, तेव्हा माझी नणंद संजीवनी माझ्या शेजारीच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फोन स्पीकरवर होता. तिकडं मॅडमच्या पुढ्यात संजीवनीचं इन्स्टाचं अकाउंट उघडलेलं, आणि त्यातल्या अगदी वरच्या बॅनरवर त्रेचाळीस चेहरे. सगळ्यात मोठा चेहरा सरपंचांचा. त्याच्या खालोखाल सोसायटीचे चेअरमन. मग गॉगलवाली तरणी मंडळी, मोबाईल कानाला लावून उभे असलेले दोन माजी उपसरपंच, आणि पार खाली कोपऱ्यात, बॅनर करणाऱ्याचा नंबर असतो ना, त्याच्या वर, शाळेच्या ओळखपत्रावरचा दोन वेण्यांचा एक फोटो. ती आमची संजीवनी.

"उजवीकडं खाली बगा मॅडम," संजीवनी म्हणाली. "नंबरच्या वर."

 मग मॅडम म्हणाल्या, "तुम्ही भालाफेक करता ना? मी तीनशे पोस्ट खाली गेले. मला अजून भालाच सापडला नाही."

हसावं की रडावं तेच मला कळेना. संजीवनीनं मात्र हातातली शेंग न फोडता तशीच टोपल्यात टाकली आणि म्हणाली, "सापडंल मॅडम. उद्यापास्नं सापडंल."

बारामतीहून इंदापूरला निघालं की वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं, आणि पुढं आमचं लासुर्णे. मी सात वर्षांपूर्वी इंदापूरहून या घरात लग्न होऊन आले तेव्हा संजीवनी तेरा वर्षांची होती आणि घरात तिच्यावर कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. एकदा कालव्यावर पोरांची पैज लागली होती, ऊस पलीकडच्या काठावर कोण फेकतं म्हणून. साधा कांडका नव्हे, चांगला डोक्याएवढा उंच ऊस. पोरांचे सगळे पाण्यात पडले. संजीवनी म्हणाली, मी टाकते. मी म्हटलं, जातोय कुठला! तुझा ऊस पलीकडं गेला तर आठ दिवस तुझ्या वाटच्या भाकरी मी थापीन. पुढचे आठ दिवस मी भाकरी थापत होते आणि ती मागून येऊन म्हणायची, "वैनी, जरा पातळ थापा की."

त्या ऊस फेकण्यातूनच पुढं सगळं झालं. शाळेच्या गुरुजींनी बांबूचा भाला करून दिला, तालुक्याला पहिली आली, मग बारामतीच्या कॉलेजात अविराज सरांच्या हाताखाली गेली. पहाटेची एसटी, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी मैदान, अंधार पडता पडता घरी. असं तीन वर्षं. पोरगी दमून आली तरी कधी तोंड वाकडं करायची नाही. मी असते तर पहिल्याच आठवड्यात एसटीच्या ड्रायव्हरशी भांडून घरी बसले असते.

पण कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. मे महिन्यात परीक्षा संपली की भाला कॉलेजचा, मैदान कॉलेजचं, आणि संजीवनी घरी. घरी बांबूचा भाला आणि कांदेपोह्याचे कार्यक्रम. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, म्हणून आम्ही दोघी त्यावर कधी बोलायचो नाही.

अशात अविराज सरांनी तिचं नाव पुण्याच्या एका कंपनीकडं धाडलं. खेळाचं सामान करणारी कंपनी. दरसाल एका मुलीला धरायची. तिला वर्षभर भाले, बूट, आणि पुण्यात राहून सराव. दीड महिन्यानं ठरणार होतं. भाला किती लांब जातो ते बघणारच, पण कंपनीच्या या प्रगती मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, की पोरगी कोण आहे, कशी मेहनत करते, हे तिच्या अकाउंटवर दिसलं पाहिजे. लोक तिला बघायला यायला हवेत, तिच्या शुभेच्छुकांना नाही.

आता हे शुभेच्छुक आले कुठून, तर आमच्या सासऱ्यांकडून. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. सहा एकर ऊस, कारखान्याचे सभासद, आणि गेली वीस वर्षं गावातल्या प्रत्येक बॅनरचा मजकूर त्यांच्या हातचा. कोणाचा वाढदिवस असो, कोणाची निवड असो, दहावीचा निकाल असो, अप्पा वहीत मजकूर लिहिणार आणि इंदापूरच्या मानसिंगाच्या दुकानात जाऊन फ्लेक्स करून आणणार. शब्द तर असे, की साध्या सोसायटीच्या संचालकाला वाचून आपण किल्ला जिंकलाय असं वाटावं. आणि प्रत्येकाला 'भावी' लावायचं. गावात भावी सरपंच अकरा आहेत. सरपंच एकच होतो, पण अप्पांनी कोणाला नाराज केलेलं नाही.

त्यातला धर्म एकच: एकही चेहरा सुटता कामा नये. एकदा एका बॅनरवर गावातल्या भीमरावांचा फोटो राहिला, तर त्या माणसानं पाण्याच्या पाळीला आमची चारी दोन दिवस अडवली होती. तेव्हा फोन हातात आल्यावर अप्पांनी संजीवनीचं अकाउंट काढलं ते त्याच पद्धतीनं चालवलं. तिनं पदक आणलं, बॅनर. तिचा वाढदिवस, बॅनर. 'भावी ऑलिंपिकवीर संजीवनीताई' असं लिहून खाली त्रेचाळीस तोंडं. बापाचं प्रेम होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण त्या प्रेमात पोरगी कोपऱ्यात गेली होती.

त्याच संध्याकाळी संजीवनी अप्पांपुढं जाऊन उभी राहिली. मी दारातच थांबले, कारण मजा चुकवायची मला सवय नाही.

"अप्पा, इन्स्टाचा पासवर्ड पायजे."

"कशाला? काय कमी पडतंय? कालच्या बॅनरला दोनशे जणांनी हात जोडल्यात."

"ते सरपंचाला जोडल्यात, अप्पा," मी बोललेच.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. संजीवनीनं मॅडमचं बोलणं सगळं सांगितलं. अप्पा ऐकत होते आणि टोपी काढून परत घालत होते. शेवटी म्हणाले, "बॅनर बंद केलं तर माणसं काय म्हणत्याल? पोरगी पुण्याला जायच्या आदीच गावाला इसरली म्हणत्याल."

"अप्पा, माणसं ऱ्हाऊ द्या. माजा भाला तरी दिसू द्या."

"मग खाली बारीक अक्षरात तरी शुभेच्छुक लिव."

"न्हाय, अप्पा."

तिनं बापाला आयुष्यात पहिल्यांदा 'न्हाय' म्हटलं होतं, तेही इतक्या मऊ आवाजात. अप्पांनी पासवर्ड सांगितला आणि उठून गोठ्याकडं गेले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदल तो. तर म्हणाली, "नको वैनी. त्यांच्या फोनमधनं बंद झालं तर त्यांना वाटंल, पोरीनं कडी लावली." एवढा एक शहाणपणा तिनं करायचा राहिला, आणि मीही पुढं रेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मी फोन धरून उभी. संजीवनीच्या हातात बांबूचा भाला. म्हटलं, बोल. तर तिनं पाय जुळवले, घसा खाकरला आणि सुरू केलं, "सन्माननीय व्यासपीठ, आणि माझ्या बंधू-भगिनींनो..."

"अगं ए! सव्वीस जानेवारी हाय का आज?" मी ओरडले. "म्हस सुटली की कशी वरडतीस? तशी बोल."

सातव्या वेळेला ती माणसासारखी बोलली. त्यात तिची फेकही फसली. भाला टोकावर न पडता आडवा पडला. मी म्हटलं, हे पुसून टाकू, दुसरं घेऊ. ती थोडा वेळ फोनमध्ये बघत बसली. मग म्हणाली, "नको. हेच टाकू. आडवा का पडला ते सांगती." आणि सांगितलं, की कोपर खाली आलं, कोपर खाली आलं की भाला वर जातो पण पुढं जात नाही, उद्या कोपर कानाच्या वर ठेवून बघणार. बस्स. ना गाणं, ना ढोल, ना सिंहाची डरकाळी.

मला वाटलं, आता झाली शोभा. पडलेलं कोण बघतं? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं कोपर कानाच्या वर ठेवून फेकलं, भाला सुईसारखा मातीत उभा राहिला, आणि त्या दोन व्हिडिओंखाली पोरींनी नुसता धुरळा उडवला. नरसिंहपूरची संस्कृती म्हणून आठवीतली एक मुलगी होती, तिनं लिहिलं, "ताई माझाही आडवाच पडतो, मला वाटायचं मलाच येत नाही." संजीवनीनं तिला बोलून उत्तर धाडलं. मग त्या पोरीनं नदीकाठच्या वाळूत काठी फेकतानाचा व्हिडिओ धाडला. तिला आणखी चौघीजणी येऊन मिळाल्या.

मग काय विचारता! पोरीनं सवयच बदलून टाकली. आधी आमचा फोन म्हणजे जत्रेतला पाळणा, जो येईल तो बसणार. आता रोज संध्याकाळी साडेसहाला एकच व्हिडिओ, मैदानावर सरांनी काढलेला नाहीतर रानात मी काढलेला. त्यात भाला आणि ती. फेक चांगली झाली तर चांगली, फसली तर का फसली. टेपनं मोजलेला आकडा खरा तोच सांगायचा. प्रश्न विचारणाऱ्या पोरींना उत्तर द्यायचं, शेरे मारणाऱ्या टवाळांना द्यायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. एकानं लिहिलं होतं, "भाकरी येते का?" मी उत्तर टाइप करून तयार ठेवलं होतं, तिनं ते खोडायला लावलं. असं उत्तर होतं ना, की त्याच्या सात पिढ्यांनी भाकरी सोडली असती.

तिसऱ्या आठवड्यात नऊ हजार लोक तिच्या मागं होते. नऊ हजार! आमच्या गावाच्या मतदार यादीत तेवढी माणसं नाहीत. एसटीत कंडक्टर विचारायचा, "ताई, आज कोपर कुठंय?" माझे मिस्टर इंद्रजित एरवी ट्रॅक्टरखेरीज कशाकडं बघत नाहीत, पण तेही साडेसहाला फोन घेऊन बसायला लागले. अप्पा तेवढे बघायचे नाहीत. गावात त्यांना लोक अडवायचे. सरपंच म्हणाले, "अप्पा, आमची तोंडं आता खराब झाली का?" अप्पा घरी येऊन नुसतं पाणी मागायचे. त्यांच्याकडं बघून मलाच कसंतरी व्हायचं.

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा आली, नाशिकला. त्यानंतर दोनच दिवसांनी कंपनीची निवड ठरणार होती. आमच्या उरलेल्या उसाला तोड आलेली, तोडणीची टोळी रानात, म्हणून अप्पा आणि इंद्रजित मागं राहिले आणि संजीवनीबरोबर मी गेले. एवढं मोठं मैदान मी कधी पाहिलं नव्हतं. मी गॅलरीत अविराज सरांच्या शेजारी बसले.

पहिली फेक एकोणचाळीस. दुसरी फाऊल, पाय रेषेवर. तिसऱ्या फेकीला ती धावली, पुढचा पाय गच्च रोवला, आणि भाला जो गेला तो खाली यायचं नावच घेईना. बेचाळीस मीटर अठरा! फळ्यावर तिचं नाव सगळ्यात वर. मी उभी राहून किंचाळले आणि तशीच अप्पांना फोन लावला.

"अप्पा! तिसऱ्या फेरीत आपली पोरगी पयली हाय! लई पुढं हाय!"

हे मी केलं. अजून तीन फेकी बाकी होत्या, हे मला माहीत होतं, पण सांगायचं भान कोणाला होतं? आणि आमच्याकडं 'तिसऱ्या फेरीत पुढं' या शब्दांचा अर्थ एकच आहे. मतमोजणीत तिसऱ्या फेरीला माणूस चांगला पुढं असला की कोणी शेवटपर्यंत थांबत नाही. हलगी सुरू होते, गुलाल उधळतात, आणि फ्लेक्स तर आदल्या रात्रीच छापून ठेवलेला असतो. अप्पांनीही मानसिंगाकडून बॅनर आधीच करून ठेवला होता. पोरीनं बंद केलंय हे माहीत असून ठेवला होता. सोन्याचा दिवस आला तर त्या एका दिवसापुरती ती नाही म्हणणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

इकडं चौथ्या फेरीत एकीनं चव्वेचाळीस टाकला. पाचव्यात दुसरीनं त्रेचाळीस. सहाव्यात तिसऱ्या मुलीचा बेचाळीस एकोणतीस. संजीवनी चौथी. पदकापासून अकरा सेंटिमीटर लांब. माझी वीतसुद्धा त्याच्याहून मोठी आहे. ती पहिल्या आलेल्या मुलीला जाऊन मिठी मारून आली आणि बूट सोडायला लागली.

रात्रभर प्रवास. तिच्या फोनची बॅटरी मी व्हिडिओ काढून काढून संपवलेली, आणि दोघींत फोन तेवढा एकच, त्यामुळं घरी खरा निकाल कळवायचा राहून गेला. सकाळी बारामतीत एसटी बदलून निघालो आणि लासुर्ण्याच्या स्टँडवर उतरायला उठलो, तर बाहेर हलगी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेंडूच्या माळा. समोर दहा फुटी फ्लेक्स: 'राज्यस्तरीय सुवर्णपदक विजेती'. खाली एकसष्ट चेहरे. ज्यांची तोंडं दीड महिना दिसली नव्हती त्या सगळ्यांची भरपाई एकदम. आणि पुढं अप्पा, कडक इस्त्रीचे कपडे, हातात गुलालाचं ताट.

मला एसटीतून उतरावंसंच वाटेना. संजीवनी उतरली. अप्पा गुलाल लावायला पुढं आले, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"अप्पा, मी चौथी आली."

हलगीवाल्याला ऐकू गेलं नाही, तो वाजवतच राहिला. ती मोठ्यानं म्हणाली, "मी चौथी आली!" मग हलगी थांबली. एकसष्टातले पन्नासएक जण तिथंच उभे होते, आणि त्यांना कुठं बघावं ते कळेना. अप्पा म्हणाले, "तिसऱ्या फेरीला तर पुढं हुतीस." इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि तो चालू झाला तर समोर काय दिसावं! तोच बॅनर तिच्या अकाउंटवर. कालपासून. चार हजार अभिनंदनं. नरसिंहपूरच्या पोरींनी नाचतानाचा व्हिडिओ धाडलेला. आणि सगळ्यात खाली प्रगती मॅडमचा निरोप: "पोस्टमध्ये सुवर्ण आहे, निकालात चौथा क्रमांक. उद्या संध्याकाळी निवड ठरेल. हे काय आहे ते कळवा."

दीड महिना रोज खरा आकडा सांगणारी पोरगी, आणि आता नऊ हजार लोकांपुढं खोटी ठरली होती. मला इतका राग आला, आधी अप्पांचा आणि मग स्वतःचा, की मी चुलीपुढं बसून रडले.

इंद्रजित म्हणाले, "त्यात काय, अकाउंट हॅक झालतं म्हणून टाकायचं. सगळी तसंच म्हणत्यात. बॅनर उडव आन मोकळी हो."

संजीवनी म्हणाली, "कुणी हॅक केलं? अप्पांनी?"

"मग खरं सांग की, बापानं टाकलं म्हणून."

"जिल्हाभर हसत्याल त्यांना, दादा."

अप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. सकाळचा गुलाल त्यांच्या बोटांना तसाच होता.

दुपारी तिनं मला रानात नेलं. "वैनी, धरा फोन." मी धरला. यावेळी तिला काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "मी संजीवनी, लासुर्ण्याची. राज्य स्पर्धेत मी पयली न्हाय, चौथी आली. बेचाळीस मीटर अठरा. ज्यांनी माजं अभिनंदन केलं, त्यांनी ते पयल्या आलेल्या पोरीला द्यावं. सोन्याची पोस्ट माज्या अकाउंटवर आली, म्हंजी चूक माजी. अकाउंट आपलं असंल तर त्यात काय जातंय ते आपुनच बघायचं असतं. मी बघितलं न्हाय."

ती एवढंच बोलली होती, तेवढ्यात मागून बांधावरून अप्पा चालत आले. सरळ तिच्या शेजारी, फोनच्या समोर. मी बंद करणार होते. अप्पांनी हातानं 'चालू दे' म्हटलं.

"बॅनर मी टाकला," अप्पा म्हणाले. "हिला ठावं बी नव्हतं. तिसऱ्या फेरीला पुढं हाय म्हटल्यावर मला वाटलं, निकाल लागला. आमच्याकडं तसंच असतंय."

"आन फोन म्या केलता!" मी फोनच्या मागून ओरडले. राहवेना. माझा तो चिरका आवाज त्या व्हिडिओत अजून आहे.

अप्पा पोरीकडं वळले. नऊ हजार लोक बघणार आहेत हे बहुतेक ते विसरले होते. "संजू, फेऱ्या किती असत्यात गं?"

"सा, अप्पा."

"सा." त्यांनी टोपी काढली. "तीनशे बॅनर लिवलं मी तुजं. आन तुला पुरत्या सा फेऱ्या फेकताना येकदा बी बघितलं न्हाय."

 संजीवनीनं भाला उचलला आणि रेषेकडं गेली. अप्पा बांधावर बसले. तिनं सहा फेकी फेकल्या, आणि प्रत्येक फेकीनंतर अप्पा मोठ्यानं आकडा मोजत होते: एक, दोन, तीन. तिसरीनंतर ते जरा थांबले आणि त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती हसली. मग चार, पाच, सहा.

साडेसहाला व्हिडिओ गेला. बॅनर तिनं काढून टाकला. त्या रात्री काय काय आलं ते मी वाचलं नाही. माझ्यात तेवढी छाती नव्हती. सकाळी कळलं, सगळ्यात जास्त प्रश्न अप्पांसाठी होते. पहिल्या आलेल्या मुलीनंही लिहिलं होतं, "अभिनंदन मिळालं. पुढच्या वेळी परत घ्यायला ये." आणि मॅडमचा एक शब्द नाही.

तो दिवस कसा गेला विचारू नका. भाजीत दोनदा मीठ पडलं, आणि सासूबाई विजयमाला, ज्या मला कधी रागावत नाहीत, त्या म्हणाल्या, "बाई, तू बाहीर जाऊन बस." संध्याकाळी संजीवनी रानात गेली. अप्पा तिच्या आधीच बांधावर जाऊन बसले होते. फोन माझ्याकडं, व्हिडिओ काढायला. पाच फेकी झाल्या होत्या आणि ती सहावीसाठी भाला पुसत मागं चालत गेली होती, तेवढ्यात फोन वाजला. प्रगती मॅडम.

मी उचलला. 

"निकाल आमच्याकडे त्याच दिवशी आला होता," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काय करता तेवढंच बघायचं होतं. संजीवनीला सांगा, जूनपासून ती आमच्याकडे. आणि तिच्या वडिलांना सांगा, येताना त्यांनीही यावं."

मी फोन खाली घेतला. तोंड उघडलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या लासुर्ण्याला माहीत आहे, आणि ही तर आमच्या घरातली आजवरची सगळ्यात मोठी बातमी. मी "संजी..." म्हणेपर्यंत अप्पांनी माझा हात धरला. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना सगळं समजलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तरी ते जागचे उठले नाहीत.

"थांब मनिषा," ते म्हणाले. "सहावी ऱ्हायलीय तिची."

आम्ही दोघं तिथंच थांबलो. माझ्या घशात ती बातमी नुसती उड्या मारत होती. संजीवनी धावत आली, पाय रोवला, भाला सुटला. कुठवर गेला ते मी बघितलंच नाही, कारण भाला मातीत पडायच्या आत अप्पांनी माझा हात सोडला होता आणि म्हणाले होते, "पळ आता!"